आठ चौदाची आठ एकवीस

आमचं स्टेशन कल्याणच्या पलीकडचं. नाव सांगत नाही, उद्याही गाडी तिथूनच पकडायची आहे. काल आठ सत्तावीस झाले तरी आठ एकवीसचा पत्ता नाही. पंख्याखालच्या बाकावर एक काका थर्मासच्या झाकणातून चहा पीत होते. आव जाणकाराचा. विचारलं.

"काका, आठ एकवीस येईल ना?"

"आता येईल ती आठ चौदा."

"मग आठ एकवीस?"

"ती आठ छत्तीसच्या टायमाला."

"आणि आठ छत्तीस?"

काकांनी ग्लुकोजचं बिस्कीट चहात बुडवलं, ते विरघळायच्या आत अलगद तोंडात घातलं आणि मगच बोलले. "आठ छत्तीस म्हणून काही राहिलंच नाही आता. तुम्हाला जायचंय कुठं?"

"ठाण्याला."

"मग आकड्याचा हट्ट कशाला? इथंच उभे राहा. दार बरोब्बर नाकासमोर येतं."

राहिलो. गाडी आली, थांबली, आणि माझ्या नाकासमोर रिकामे रूळ! आमचा प्लॅटफॉर्म पंधरा डब्यांसाठी वाढवलाय, गाडी अजून बाराचीच. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, तिला चौदा डबे होते म्हणे. म्हणजे एवढ्या वर्षांत आपण दोन डबे हरवले. प्लॅटफॉर्मला सिमेंट ओतलं की फोटो निघतो, डब्यांचं पुढं बघू.

तर मी पळालो. बॅग, डबा, छत्री, पोट सगळं घेऊन. पहिल्या दारांवर लटकलेल्यांनी "पुढे, पुढे" केलं. गाडी सुटता सुटता जे दार हाती लागलं, ते लगेजचं. खिशात फर्स्ट क्लासचा तीन महिन्यांचा पास, आणि मी भाजीच्या गोण्यांत.

"दादा, मेथीवर टेकू नका," भाजीवाली मावशी म्हणाली, "बटाट्यावर बसा."

बसलो. बटाटे टोचतात. मागे प्लॅटफॉर्मवर तीन भाषांत दिलगिरी चालू होती. एवढ्या वेळात एखादी गाडी वेळेवर आणता आली असती. ऑफिसात दिवसभर लोक माझ्या शेजारी येऊन "आज कुणाच्या डब्यात मेथी?" विचारत होते.

आज सकाळी काका त्याच बाकावर. "काय, मिळाली ना काल आठ चौदा?"

"मिळाली. पण तुम्ही कसे नाही चढलात?"

"मी कशाला चढू? रिटायर होऊन सहा वर्षं झाली. इथं पंखा बरा लागतो."