अप्परवाल्याची मर्जी

रात्री समोरून कुणी अप्पर, म्हणजे गाडीच्या दिव्याचा वरचा झोत, लावून आलं की बहुतेक माणसं डोळे बारीक करतात, मान फिरवतात, फार तर एखादी शिवी पुटपुटतात. हा कच्चेपणा झाला. लग्नात व्हिडिओवाल्याने तोंडावर दिवा धरला की आपण अर्धा गुलाबजाम गालात ठेवून हसतोच ना? तसंच इथेही हसावं. एवढ्या लांबून, एवढ्या उजेडात आपल्याला कुणी बघतंय हे भाग्य रोज थोडंच वाट्याला येतं? फरक असलाच तर इतकाच, की इथे आपण ताशी 60 च्या वेगाने हसत असतो.

हसून झालं की थोडा वेळ काहीच दिसत नाही. घाबरायचं कारण नाही, त्यामागे शास्त्र आहे. अंधारात बघायचं काम डोळ्याच्या पडद्यावरच्या शलाका पेशी करतात. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि झगझगीत उजेड पडला की उन्हात वाळत घातलेल्या साडीसारखा त्याचा रंग उडतो. तो पूर्ण भरून यायला अर्धा तासही लागतो. कामापुरतं दिसायला काही सेकंद पुरतात, पण पन्नाशी उलटली असेल किंवा मोतीबिंदू डोकावू लागला असेल तर जास्त. तीन सेकंद धरू. ताशी 60 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. म्हणजे 50 मीटर, क्रिकेटच्या अडीच खेळपट्ट्या, तुम्ही गाडी चालवत नसता. तेवढं अंतर डॅशबोर्डवरच्या गणपतीने चालवायचं असतं. आपण त्याला बसवतोही कसं बघा, तोंड आपल्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. त्यामुळे समोरच्या दिव्याने गाडीत फक्त त्याचे डोळे दिपत नाहीत.

आता प्रतिकाराकडे वळू. समोरच्याने अप्पर लावला की तुम्हीही लावा, आणि तो खाली करेपर्यंत करू नका. त्याला काही दिसत नाही, तुम्हाला काही दिसत नाही, आणि दोघे मिळून ताशी 120 ने एकमेकांच्या जवळ येताय. समता यालाच म्हणतात. आधी कुणी खाली करायचा याचे संकेत ठरलेले आहेत, ते मात्र पाळा. दुचाकीने रिक्षापुढे, रिक्षाने कारपुढे, लहान कारने मोठ्या कारपुढे आणि सगळ्यांनी वाळूच्या डंपरपुढे. डंपरवाला फक्त तहसीलदारांच्या गाडीपुढे नमतो, आणि तेव्हा तो डिपर वगैरे देत बसत नाही, सगळेच दिवे बंद करतो.

या बाबतीत आपली भाषाही आपल्याच बाजूने उभी आहे. डिपर म्हणजे खरं तर उजेड खाली करायची सोय. पण शेजारी बसलेला भाऊजी 'डिपर मार त्याला' म्हणतो, तेव्हा त्याला अप्परचे दोन-तीन फटके अपेक्षित असतात. म्हणजे अप्पर म्हणजेही अप्पर आणि डिपर म्हणजेही अप्पर. खाली करण्याला शब्दच उरला नाही, मग माणसांनी तरी काय खाली करावं? आणि एका डिपरचे अर्थ किती! 'मी आलोच, तू थांब.' 'पुढे मामा उभे आहेत, पट्टा लाव.' 'तुझं मागचं दार उघडंय.' 'गावाकडचा नंबर दिसतोय, राम राम.' नवीन माणसाला वाटतं, समोरचा आपल्याला 'तुम्ही आधी जा' म्हणतोय. असं वाटलेली माणसं गॅरेजमध्ये भेटतात.

ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर अ‍ॅट नाईट' लिहिलेलं असतं, ते मनावर घेऊ नका. 2015 साली महाराष्ट्र सरकारने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली, कारण लोक ते वाचून खरोखर हॉर्न वाजवतात असं निघालं. डिपरच्या ओळीवर बंदी घालावी असं मात्र कुणालाच वाटलं नाही. त्या ओळीने अजून कुणाचं काही बिघडवलेलं नाही. आणि रात्री ती लांबून वाचायची तर अप्परच लावावा लागतो.

आपली माणसं उजेडाच्या बाबतीत बेफिकीर आहेत, असं मात्र म्हणू नका. दुपारी बारा वाजता चुकून दिवा चालू ठेवून दुचाकीवरून जाऊन बघा. समोरून येणारा प्रत्येक जण हात उचलून पाचही बोटं मिटवून उघडून दाखवतो. दुधाचे कॅन लावलेला दाखवतो, शाळेची मुलं दाखवतात, सिग्नलला उभ्या काकू पदर सावरत 'लाईट चालूय' म्हणतात. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि बंद करायला बटणच नाही, हे कळून इतकी वर्षं झाली तरी बोटं थांबलेली नाहीत. इतकी कळकळ मी दुसऱ्या कुठल्या सार्वजनिक कामात पाहिलेली नाही. दिवस मावळला की हीच बोटं कुठे जातात कोण जाणे. डाव्या बोटाच्या एका टिचकीचं तर काम असतं. पूर्वी अ‍ॅम्बेसेडरला आणि जुन्या जीपला डिपरचं बटण क्लचच्या डावीकडे, पायाखाली असायचं. ते पाय उचलून दाबावं लागायचं आणि लोक दाबायचेही. सोय हाताशी आली आणि दाबणं सुटलं.

शहरं सोडली की खरी मजा येते. मोठ्या महामार्गांवर दुभाजकात कण्हेर लावलेली असते. तिला पाणी कमी लागतं, विषारी असल्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत आणि चांगली डोक्याएवढी वाढली की पलीकडचे दिवे अडवते. थोडक्यात, आपल्याकडे दिवा खाली करायचं काम झाडाला दिलेलं आहे. पण दुभाजक असला म्हणून तुम्ही सुटत नाही, कारण अप्परवाला मागूनही येतो. तुमच्या आरशातून तो थेट भुवयांच्या मध्ये तिसरा डोळा उघडतो. आतल्या आरशाच्या खाली एक बोटभर दांडी असते, ती ओढली की मागचा उजेड मंद होतो. ओढू नका. इतकी वर्षं तिला अत्तराची बाटली अडकवलीय, पडेल.

दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून एकच दिवा आला तर ती मोटरसायकल समजावी आणि खुशाल मधल्या रेघेपर्यंत जावं. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, तसा हा एक डोळ्याचा टेम्पो असतो आणि त्याचा शाबूत डोळा बहुधा डावा, म्हणजे तुमच्यापासून लांबचा असतो. अलीकडची अर्धी बाजू अंधारात शांतपणे येत असते.

मागच्या गाळप हंगामात, जानेवारीतली गोष्ट. कराड-तासगाव रस्त्याने रात्री दहाच्या सुमारास येत होतो. समोरून ट्रॅक्टर येताना दिसला. दिसला म्हणजे काय, आधी वाटलं जत्राच आली. पुढे चार दिवे, छतावर पांढरी पट्टी, बाजूला निळ्या-हिरव्या माळा, आणि गाणं असं की काच खाली न करताही शब्द कळावेत. त्या उजेडात माझी बाजू पार पुसली गेली. मी पाय उचलला, तेही शहाणपण म्हणून नव्हे, गाणं ओळखायला. जत्रा शेजारून गेली, अंधार झाला, आणि त्या अंधारातून माझ्या बॉनेटसमोर हातभर अंतरावर उसाच्या शेकडो पांढऱ्या चकत्या उगवल्या. माझ्याच दिशेने जाणारा दुसरा ट्रॅक्टर, मागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. नाही कसा, होता. सुतळीने बांधलेली एक जुनी सीडी. माझा दिवा पडल्यावर ती गरकन फिरली आणि तिच्यावर सप्तरंगी चमक आली. गाडी थांबली होती, माझा पाय ब्रेकवर थरथरत होता आणि मी ती सीडी बघत बसलो होतो. त्याही ट्रॅक्टरला पुढे जत्रा होती, हे त्याला ओलांडून गेल्यावर कळलं. मागे बघायची सोय नको, पुढच्याने मात्र आपल्याला बघावं; पुढे ऑर्केस्ट्रा आणि मागे अमावास्या, अशी ही रचना आहे.

अशा प्रसंगानंतर काही मंडळी पळपुटे उपाय सुचवतात. समोरच्या दिव्यात न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर नजर ठेवा म्हणतात. ठेवा की, पट्टा सापडला तर. वेग कमी करा म्हणतात. मागचा काय म्हणेल? समोरची काच आतून साफ ठेवा, कारण तिच्यावरच्या तेलकट थरावर आणि जुन्या बनियनने मारलेल्या फरकाट्यांवर समोरचा उजेड पसरतो, असंही म्हणतात. पण त्या फरकाट्यांमुळे प्रत्येक दिव्याला कसे चांदणीसारखे किरण फुटतात! त्यापेक्षा ऑनलाइन मिळतो तो पिवळ्या काचेचा चष्मा घ्या. तो समोरचा झगझगाट जरा कमी करतो, आणि पुरेसा इमानदार असल्यामुळे काळ्या घोंगडीतला म्हाताराही तितकाच कमी करतो.

आणखी एक. स्टिअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याजवळ, 0 ते 3 आकडे असलेलं एक चाक बऱ्याच गाड्यांना असतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीची शेपटी बसते, नाक वर येतं आणि साधा डिपरही समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा ते चाक फिरवून दिवे खाली करायचे असतात. माझे एक मेहुणे सहा वर्षं ते एसीचं समजून फिरवत होते. तीनवर जास्त गार वाटतं म्हणायचे. नकळत का होईना, समोरच्यांवर उपकार करणारा हा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस. परवा कुणीतरी त्यांना खरं सांगितलं, तेव्हापासून ते शून्यावर आहे.

त्या सीडीनंतर मात्र मी ठरवलं की आपणही उजेडाचं काहीतरी केलं पाहिजे. गेलो अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात. दुकानदाराने स्टूल सरकवलं, चहा सांगितला.

"काका, कंपनीचा 60-55 चा हॅलोजन आहे तुमचा. देवघरात लावा तो. 100-90 टाकू की डायरेक्ट एलईडी?"

मी थोडं वाचून गेलो होतो. म्हटलं, "अहो, पण या दिव्याची वाटी हॅलोजनच्या तारेच्या हिशोबाने बनवलेली असते ना? तार जिथे असते तिथेच उजेडाचा उगम लागतो. एलईडी घातला की तो जागेवर बसत नाही आणि उजेड चहूकडे उधळतो म्हणे."

"तेच तर पाहिजे लोकांना. झाडाच्या शेंड्यावरचं घुबड दिसतं बघा."

"मला रस्ता बघायचाय."

"रस्ता काय, रोजचाच आहे."

मी नियम काढला. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये 106 वा नियम आहे. दिव्यापासून 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर कुणाचा डोळा असेल तर तो दिपता कामा नये, असा झोत कायम खाली वळवलेला किंवा चालकाला खाली वळवता येणारा हवा. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दीड मीटर उंचीवर डोळा? म्हणजे माणूस उभा पाहिजे. एवढा लाईट बघून 8 मीटरवर उभा कोण राहतोय काका? पळतो तो."

पूर्वी वाहतूक पोलीस डबा-ब्रश घेऊन उभे राहायचे आणि दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळा करायचे, याची मी आठवण काढली. तोही हळवा झाला. त्याच्या वडिलांच्या काळात तो काळा रंग खरवडून द्यायचे दोन रुपये मिळायचे म्हणाला.

शेवटी मी खरं कारण सांगितलं. ट्रॅक्टर, जत्रा, चकत्या, सीडी. त्याने मान डोलावली, मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. पुढे चार दिवे, छतावर पांढरी पट्टी, निळ्या-हिरव्या माळा.

"हा होता का? आपलंच काम आहे. दोन्ही ट्रॅक्टर एकाच मालकाचे. फिटिंग बघा, एक वायर बाहेर नाही."

"मागे काहीच लावलं नाही?"

"मागचं कुणी सांगतच नाही."

चहा आला. घड्याळात साडेपाच झाले होते आणि तो एकेक दिवा मालवून शटरकडे वळायला लागला. मला आश्चर्य वाटलं. हंगामाचे दिवस, गिऱ्हाईक तर अंधार पडल्यावरच यायचं. म्हटलं, "इतक्या लवकर?"

"घर 12 किलोमीटरवर आहे ना," तो कुलूप शोधत म्हणाला, "उजेड आहे तोवर पोचलेलं बरं. हल्ली रात्री काही दिसत नाही हो रस्त्याला."