तापलेल्या शरीराला गार पाणी वर्ज्य नाही

उन्हाळा तोंडावर आला की एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा सारांश असा: पारा ४० अंशांजवळ गेला की थंड पाणी पिऊ नये, कारण त्याने शरीरातील बारीक रक्तवाहिन्या फुटतात, उन्हातून आल्यावर लगेच हातपाय धुऊ नयेत, अंघोळ करू नये, किमान अर्धा तास थांबावे. पुराव्यादाखल एका डॉक्टरांच्या परिचिताची हकिकत असते, जो उन्हातून घरी आला, गार पाण्याने पाय धुतले आणि जागीच कोसळला. पाठवणाऱ्यांचा हेतू काळजीचा असतो, याविषयी मला शंका नाही. पण त्यातील अर्ध्या तासाचा सल्ला उष्माघात झालेल्या माणसाच्या बाबतीत कोणी पाळला, तर तो जिवावर बेतू शकतो; म्हणून एकेक दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

रक्तवाहिन्या फुटण्याची कल्पना बहुधा तापलेल्या काचेवरून आली असावी. गरम पेल्यात गार पाणी ओतले की तो तडकतो, कारण काच ठिसूळ असते आणि तिचा एक भाग दुसऱ्याआधी आकसतो. रक्तवाहिनी ही मऊ, लवचीक, जिवंत नळी आहे. लहान धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस हे केंद्र, त्वचेकडून व शरीराच्या आतून येणाऱ्या खबरीनुसार, त्यांना दिवसभर आवळत आणि सैलावत असते. थंडीत त्वचेकडे जाणारे रक्त अगदी थोडे होते, तर तीव्र उष्म्यात ते मिनिटाला सहा ते आठ लिटरपर्यंत वाढू शकते. म्हणजे आकुंचन पावणे हे या नळ्यांचे नेहमीचेच काम आहे. फिनलंडमध्ये ८०-९० अंशांच्या सौनामधून, म्हणजे तापवलेल्या स्नानगृहातून, उठून बर्फाळ तळ्यात उतरण्याची जुनी रीत आहे. संदेशातले शास्त्र खरे असते, तर तो देश एव्हाना ओस पडला असता.

याहून मूलभूत चूक अशी, की ४० हा आकडा हवेचा आहे, रक्ताचा नव्हे. मे महिन्यात नागपूरला आणि डिसेंबरात महाबळेश्वरला निरोगी माणसाच्या शरीरातील आतले तापमान ३७ अंशांच्या आसपासच असते. त्यामुळे घशाखाली उतरणाऱ्या गार पाण्याला आत भेटणारे तापमान दोन्हीकडे तेच असते.

मग थंड पाण्याने शरीर किती थंड होते? ५ अंशांचे पाव लिटर पाणी ३७ अंशांपर्यंत तापवायला शरीराची अवघी ८ किलोकॅलरी उष्णता खर्च होते आणि ६० किलो वजनाच्या माणसाचे सरासरी तापमान तेवढ्याने एक-षष्ठांश अंशही उतरत नाही. तेच पाव लिटर पाणी घाम होऊन त्वचेवरून पूर्णपणे उडून गेले, तर सुमारे १४५ किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, त्याच तत्त्वावर आपण उन्हाळा काढतो: पाझरायचे आणि सुकायचे. हवा त्वचेपेक्षा तापली की शरीराकडे हा एकच मार्ग उरतो. तेव्हा पाणी गार प्यावे की कोमट, यापेक्षा ते पुरेसे प्यावे हे महत्त्वाचे. आणि गार पाणी घशाला बरे वाटून जास्त प्यायले जात असेल, तर तो लाभच आहे. दमट हवेत मात्र माठही नीट गार होत नाही आणि घाम सुकण्याऐवजी नुसता ओघळतो. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील कार्यक्रमानंतर १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. ‘४० अंश’ ही धोक्याची रेषा मानणे किती फसवे आहे, हे त्यावरून कळावे.

हातपाय न धुण्याचा सल्ला तर थेट उलटा आहे. तळहात आणि तळपाय यांच्या त्वचेत धमन्या व शिरा यांना थेट जोडणारे खास मार्ग असतात, जे उष्म्यात मोकळे होऊन भरपूर रक्त पृष्ठभागाजवळ आणतात. म्हणूनच आगीशी झुंजून आलेल्या अग्निशमन जवानांना हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसवण्याची पद्धत आहे.

राहिला तो कोसळलेला परिचित. उन्हात बराच वेळ राहिल्यावर रक्त त्वचेत आणि पायांत साठते, घामाने पाणी कमी झालेले असते आणि माणूस स्थिर उभा राहिला की रक्तदाब घसरून त्याला भोवळ येते. किंवा उष्माघाताची सुरुवात आधीच झालेली असते. अशा वेळी पाय धुणे म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडण्यासारखे आहे. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अतिथंड पाण्यात अचानक बुडी मारल्याने श्वास एकदम ओढला जातो, रक्तदाब चढतो आणि हृदयविकार असलेल्यांना ते धोक्याचे ठरू शकते. त्यांनी बेताचे गार पाणी हळूहळू अंगावर घ्यावे. पण एवढ्यावरून सगळ्यांना अर्धा तास तापत ठेवण्याचे कारण निघत नाही.

आता तो अर्धा तास. गार पाण्याने त्वचा आकसते आणि उष्णता आत कोंडते, असा युक्तिवाद केला जातो. आकसण्याचा भाग खरा आहे, पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे शरीर तरीही झपाट्याने निवते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फॅलमथ येथे दरवर्षी ऑगस्टच्या उष्म्यात धावण्याची शर्यत होते. तेथे १८ वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ प्रसंगांत धावपटूंना बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवण्यात आले आणि त्यांपैकी एकही दगावला नाही. आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या, असा आज श्रमाने होणाऱ्या उष्माघातावरील उपचाराचा नियमच आहे, कारण शरीर ४० अंशांच्या वर जितका वेळ राहील, तितकी मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे यांची हानी वाढत जाते.

म्हणून उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर अंग कोरडे पडण्याची वाट पाहू नये. श्रमाने झालेल्या उष्माघातात घाम बऱ्याचदा चालूच असतो. १०८ वर फोन करावा, त्याला सावलीत आणून जादा कपडे काढावेत, हाती असेल ते गार पाणी डोक्यापासून पायांपर्यंत ओतत राहावे, जोराने वारा घालावा आणि बर्फ असल्यास काखेत, मानेला व जांघेत लावावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात मात्र पाण्याचा एक थेंबही घालू नये.