वुडन 15 वर्षं हरत नव्हते

दर दोन-तीन महिन्यांनी हा मेसेज कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. वर बांबूचं चित्र, खाली जोडलेले हात. मजकूर साधारण असा: लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन वुडन 15 वर्षं अपयशी ठरले. तरी त्यांनी धीर सोडला नाही आणि आपली पद्धतही बदलली नाही. सोळाव्या वर्षी पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं, मग 12 वर्षांत 10. खेळाडूंना ते भाषणांनी पेटवत, आणि पहिल्याच दिवशी मोजे घालायला शिकवून शिस्त लावत.

12 वर्षांत 10, हे खरं आहे. 1964 ते 1975, आणि त्यातली सात ओळीने. मोजे शिकवत हेही खरं. उरलेल्या मेसेजचं काय करायचं ते बघू.

आधी ते अपयश. वुडन 1948 मध्ये यूसीएलएत आले. आदल्या हंगामात हा संघ 12 जिंकून 13 हरला होता. वुडननी पहिल्याच वर्षी 22 जिंकले, 7 हरले. दुसऱ्या वर्षी 24–7 आणि थेट राष्ट्रीय स्पर्धा. तेव्हा या स्पर्धेत देशभरातून फक्त आठ संघ घेत, हे लक्षात ठेवा. 2011 मध्ये ही संख्या 68 वर गेली. पहिल्या 15 हंगामांत ते पाच वेळा तिथे पोचले. 1962 मध्ये उपांत्य सामना सिनसिनाटीकडून 72–70 असा हरले, म्हणजे एका बास्केटचा फरक. सगळ्यात वाईट वर्ष 1959–60 चं, 14–12. तेही जिंकलेल्यांच्याच बाजूला झुकलेलं. यूसीएलएतल्या 27 हंगामांत एकदाही त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले नाहीत. याला अपयश म्हणायचं तर आपल्याकडे यशस्वी प्रशिक्षक शोधावे लागतील.

विजेतेपद का येत नव्हतं, याची कारणंही धीराशी फारशी संबंधित नाहीत. त्या काळी बहुतेक विभागांतून एकच संघ पुढे जाई. 1956 मध्ये यूसीएलए आपल्या विभागात 16 पैकी 16 जिंकून गेलं आणि समोर आलं सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, त्या काळचा जबरदस्त खेळाडू बिल रसेल याचा संघ. संपलं. शिवाय सरावाची जागा. व्यायामशाळेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा कोंदट हॉल, त्याच हॉलमध्ये एकीकडे जिम्नॅस्ट, एकीकडे कुस्तीवाले. सराव सुरू होण्याआधी वुडन स्वतः फरशी पुसायला हातभार लावत. पुढे अग्निशमन खात्याने तिथल्या प्रेक्षकांवर मर्यादा घातली, तेव्हा घरचे सामनेसुद्धा गावभर भाड्याच्या जागांत खेळावे लागले. स्वतःचं स्टेडियम, पॉली पॅव्हिलियन, मिळालं 1965 मध्ये.

आता मला सगळ्यात खटकणारी ओळ: पद्धत बदलली नाही. उलट 1964 चं विजेतेपद हे बदलाचंच फळ आहे, आणि त्या बदलासाठी आग्रह धरणारा माणूस मेसेजमध्ये नाहीच. जेरी नॉर्मन, वुडन यांचे सहायक आणि एके काळचे त्यांचेच खेळाडू. त्या वर्षीच्या संघात 6 फूट 5 इंचांहून उंच कोणी सुरुवातीच्या पाचांत नव्हता. बास्केटखाली उंच संघांशी झुंजण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा कोर्टभर झोन प्रेस लावू, म्हणजे समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून अडवू, असं नॉर्मन यांचं म्हणणं. प्रेस वुडनना नवा नव्हता, शाळेच्या संघांना त्यांनी तो शिकवला होता. यूसीएलएत मात्र सोडून दिला होता. ते तयार झाले.

करायचं असं. आपली बास्केट झाली की मागे पळायचं नाही. प्रतिस्पर्ध्याने अंत्यरेषेबाहेरून चेंडू आत टाकला की पुढच्या दोघांनी कोंडी करायची, मधल्या दोघांनी घाईत सुटलेला पास हेरायचा, आणि सगळ्यात मागे एकटा किथ एरिक्सन, जो त्याच वर्षी अमेरिकेच्या ऑलिंपिक व्हॉलीबॉल संघातही होता. म्हणजे उडी आणि अंदाज दोन्ही पक्के. चेंडू दर वेळी हिसकावता येतोच असं नाही. खरा डाव समोरच्याला त्याच्या लयीबाहेर पळवण्याचा. अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाकडे 6 फूट 10 इंचांचे दोघे होते. ड्यूक 30–27 असं पुढे असताना यूसीएलएने सलग 16 गुण केले, अडीच-एक मिनिटांत. ड्यूकने सामन्यात 29 वेळा चेंडू गमावला. निकाल 98–83, हंगाम 30–0.

नंतरच्या विजेतेपदांत ल्यू अल्सिंडॉर (पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने प्रसिद्ध झालेला) आणि बिल वॉल्टन यांच्यासारखी माणसं होती. नुसत्या संयमाने सात फुटी अल्सिंडॉर उगवत नाही. आणि सॅम गिल्बर्ट हे नावही टाळू नये: खेळाडूंभोवती वावरणारा हा पैसेवाला कंत्राटदार. त्याच्या संबंधांवरून संघावर 1981 मध्ये कारवाई झाली. वुडन तेव्हा निवृत्त झालेले होते आणि त्यांच्यावर स्वतःवर कधी ठपका आला नाही, पण त्यांच्या काळातल्या गिल्बर्टच्या वावराबद्दल प्रश्न विचारले गेले, आजही विचारले जातात.

भाषणांनी पेटवणं? इथे तर चक्क मोजदाद झालेली आहे. 1974–75 मध्ये रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ वुडन यांचे 15 सराव बघत बसले आणि त्यांचं प्रत्येक बोलणं-दाखवणं टिपत गेले. 2,326 नोंदी. शाबासकी 7 टक्क्यांच्या आत, नाराजीही तेवढीच. सुमारे 75 टक्के बोलणं म्हणजे निव्वळ माहिती: पाय इकडे, पास आधी, हे असं नाही, हे असं. इंग्रजीचा मास्तर होता हा माणूस, तसाच शिकवायचा. सरावाचा मिनिटामिनिटाचा आराखडा छोट्या कार्डांवर लिहून खिशात.

मोजेही त्यातलेच. टाचेशी आणि करंगळीशी सुरकुती राहू द्यायची नाही, बोटांनी नीट सपाट करायची, मग बूट, एकेका भोकातून लेस ताणत वर, शेवटी दुहेरी गाठ. कारण वुडन स्वतःच सांगत: सुरकुती राहिली की फोड येतो, आणि फोड आला की खेळाडू सराव चुकवतो.