चार डिस्कांची वाटणी

घरच्या सर्व्हरमध्ये, म्हणजे सगळ्यांचे फोटो-सिनेमे साठवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, चार डिस्क आहेत. एक 12 टीबीची, दोन 8-8 च्या आणि एक 4 ची. खोक्यावर 12 लिहिलेली डिस्क आत बसवली की 10.9 दिसते. बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, कॉम्प्युटर 1024 च्या. यात कुणी कुणाला फसवत नाही, फक्त एक टीबीहून जास्त जागा दोन हिशेबांच्या मधे कुठेतरी पडते. त्यात एक्स्ट-4 ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) आपणहून 5 टक्के जागा 'रूट' नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. हे रूट महाशय आयुष्यात एक फोटो काढत नाहीत, एक सिनेमा बघत नाहीत, पण त्यांची खोली रिकामी ठेवायची. एका कमांडने हे आरक्षण उठवता येतं. मी उठवलं.

चार डिस्क म्हणजे चार जागी शोधाशोध. त्यावर उपाय म्हणून मर्जरएफएस नावाचा प्रोग्रॅम मिळतो. तो चारही डिस्क मिळून एकच मोठी डिस्क असल्यासारखं दाखवतो आणि सांगतो, की कुठली फाइल कुठे आहे हे तुम्हाला माहीत असायची गरजच नाही. हे वाक्य ज्यांना आवराआवरीची खोड नाही त्यांच्यासाठी आहे. मला माहीत असायची गरज आहे. रात्री दोन वाजता तर फारच असते.

नवी फाइल आली की ती कुठे ठेवायची, याचं धोरण मात्र आपणच ठरवायचं. एक धोरण म्हणतं, ते फोल्डर आधीपासून ज्या डिस्कवर आहे तिथेच ठेवा. दिसायला शिस्तशीर. मग मालिकांची डिस्क तुडुंब भरते आणि 'जागा शिल्लक नाही' असा निरोप येतो. शेजारच्या दोन डिस्क तेव्हा निम्म्या रिकाम्या असतात. दुसरं धोरण म्हणतं, जिथे सर्वात जास्त जागा असेल तिथे ठेवा. याने जागेचं भांडण मिटतं, पण एकाच मालिकेचे भाग तीन डिस्कांवर जाऊन बसतात. आता समजा एक डिस्क मेली. पहिल्या धोरणात काय गेलं ते लगेच सांगता येतं: मालिका गेल्या. दुसऱ्यात प्रत्येक मालिकेचे अधलेमधले भाग जातात, आणि खून कुणाचा झाला ते कळतं, पण कुणी केला तो भाग नेमका मेलेल्या डिस्कवर. (फोटोंची वेगळी प्रत आहे. मालिकांची नाही. इतकं प्रेम नाही.)

म्हणून ठरवलं, विषयवार वाटणी करायची. मोठीवर चित्रपट, एका 8 वर मालिका, दुसरीवर फोटो आणि घरचे व्हिडिओ, धाकटीवर संकीर्ण. कागदावर हे फार सुंदर दिसत होतं.

फाइल हलवणं हा एक चमत्कारिक प्रकार आहे. एकाच डिस्कवर 50 जीबीचं फोल्डर इकडून तिकडे टाकलं तर पापणी लवायच्या आत होतं, कारण प्रत्यक्षात काहीच हलत नाही, फक्त नोंद बदलते. डिस्क बदलली की मात्र सगळा माल खरोखर वाहून न्यायचा आणि मग जुना पुसायचा. त्यात मी हे काम पलंगावर लोळत लॅपटॉपवरून करत होतो. म्हणजे सर्व्हरमधल्या एका कप्प्यातला सिनेमा वाय-फायवरून बेडरूममध्ये येणार, माझं तोंड बघणार आणि परत जाऊन बोटभर खालच्या कप्प्यात बसणार. हे लक्षात आल्यावर थेट सर्व्हरमध्ये शिरून आरसिंक हा फाइली कॉपी करणारा प्रोग्रॅम लावला, आधी अर्थातच ड्राय रन, म्हणजे नुसती रंगीत तालीम. ड्राय रन मला मनापासून आवडतो. त्यात सगळी कामं झाल्यासारखी वाटतात आणि काहीही झालेलं नसतं.

बाबांच्या फाइलींनी वेगळीच अडचण केली. ते नावातच प्रवासवर्णन लिहितात: 'धबधब्यापाशी गेलो तेव्हा पाऊस थांबला होता पण हिने छत्री मिटली नाही ती ही शेवटपर्यंत तशीच उघडी राहिली'. त्यांच्या लॅपटॉपने हे निमूट ऐकून घेतलं. तिथे 255 अक्षरं चालतात. एक्स्ट-4 ला 255 बाइट चालतात, आणि देवनागरीत प्रत्येक अक्षराला तीन बाइट लागतात, काना-मात्रा-वेलांटीला प्रत्येकी वेगळे तीन. मजकूर साधारण 85 चिन्हांत आवरावा लागतो. बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग छत्रीचं काढ." आईने काढू दिलं नाही.

हे सगळं टीव्हीवर दाखवणारा मीडिया सर्व्हर नावाचा प्रोग्रॅम फोल्डरचं नाव आणि साल वाचून इंटरनेटवरून पोस्टर शोधून आणतो. 'सहल 2014' हे फोल्डर चुकून चित्रपटांत राहिलं होतं. त्याला त्याने एका परदेशी मारधाडपटाचं पोस्टर लावलं, खाली कलाकारांची यादी आणि सहा ताऱ्यांचं गुणांकन. यादीत स्वतःचं नाव नाही म्हणून आई नाराज, आणि सहाच तारे म्हणून बाबा. घरच्या व्हिडिओंसाठी वेगळी लायब्ररी करता येते, तिच्यात तो असला शोध घेत नाही. ती केली. दोघांनाही मारधाडीचं पोस्टर परत हवं आहे.

जुळे फोटो काढून टाकायला एक प्रोग्रॅम चालवला. तो बाइट न् बाइट ताडून बघतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो वाटेत दाबून लहान केलेला असतो आणि कधी काढला ती तारीखही गळालेली असते. त्यामुळे पाच नातेवाइकांनी पाठवलेला तोच ग्रुप फोटो प्रोग्रॅमच्या लेखी वेगवेगळा. सगळे राहू दिले.

शेवटी उरला आमच्या लग्नाचा व्हिडिओ. घरचा म्हणावा, तर सव्वातीन तासांचा आहे. गाणी आहेत, संवाद आहेत, मध्यंतर म्हणावं असा वीज जाण्याचा प्रसंग आहे, आणि रुसून निघून गेलेले एक काका शेवटच्या दहा मिनिटांत परत येतात. मी बायकोला विचारलं, "हा कुठे टाकू, घरचे व्हिडिओ की चित्रपट?"

ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मालिकांत टाक. संपलंय कुठे अजून?"

'सीझन 01' असं फोल्डर केलं आणि कॉपी लावली. मालिकांच्या डिस्कवर दोन जीबी कमी पडतात.