हा ढोल कोण वाजवतंय?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा गावाहून आठ दिवस आमच्याकडे राहायला येणार म्हटल्यावर आम्ही सगळी तयारी केली होती. तंबाखूची डबी बायकोने जप्त करायची, थेंब मी घालायचे, टीव्हीचा रिमोट लपवायचा. एकच गोष्ट डोक्यात आली नाही. आबांची खाट आणि माझा कॉम्प्युटर एकाच खोलीत होते.

मी पंचेचाळिशीचा गृहस्थ आहे आणि रात्री जेवणं उरकली की तासभर गेम खेळतो. तेही फक्त जंगली जनावरांचे. दिवसभर ऑफिसात माणसं बघून झाल्यावर रात्री एखादं अस्वल दिसलं की बरं वाटतं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. जुन्नर तालुक्यात त्यांचा ऊस आहे आणि त्या उसात बिबट्या आहे. बिबट्याला ते वाघच म्हणतात. तिकडे सगळेच म्हणतात. ऊसतोडीत बछडी सापडली की वनखात्याची माणसं संध्याकाळी ती क्रेटमध्ये घालून तिथेच ठेवतात आणि रात्री मादी येऊन एकेक उचलून नेते, हे आबांनी बांधावर बसून पाहिलेलं आहे. अशा माणसाला शेजारी बसवून जंगलाचा गेम खेळणं म्हणजे सासऱ्याला मागच्या सीटवर बसवून गाडी शिकण्यासारखं.

पहिल्या रात्री मी सवयीने एक गेम लावला. नाव घेत नाही. चांगला खपलेला आहे. त्यात मी डोंगरातून चाललो होतो आणि अचानक ढोल वाजायला लागले. आबा एका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते. दुसरा उघडा डोळा माझ्याकडे वळला.

"हा ढोल कोण वाजवतंय?"

"कुणी नाही आबा. जनावर जवळ आलं की संगीत सुरू होतं. म्हणजे आपल्याला कळतं."

"आन् जनावराला नाय कळत?"

मी उत्तर देण्याआधीच झुडपातून लांडगा आला. तो मारला. मागून रानडुक्कर आलं. ते संपतंय तोवर वरून गरुडाने माझ्या डोक्यावर झडप घातली. आबा उठून बसले.

"आरं, ह्यांना दुसरा काय कामधंदा नाय का? त्यो लांडगा शेजारची मेंढरं सोडून तुझ्या मागं कशापायी लागलाय? तू काय केलंस त्याचं?"

मी म्हटलं, गेम आहे. पण आबांचं खरंच होतं. लांडगा माणसाचा वास आला की काढता पाय घेतो. ह्या गेममधल्या प्रत्येक प्राण्याला मात्र माझा पत्ता ठाऊक असतो आणि माझ्याशी भावकीचं वैर असतं. शेजारी हरीण चरत असलं तरी वाघ त्याला ओलांडून माझ्याकडे येतो. आबांनी विचारलं, "आता पंचनाम्याला कोण येनार?" लांडगा मरून दहा सेकंद झाली होती. मग तो लांडगा जागेवरच विरघळून नाहीसा झाला. आबा काही बोलले नाहीत, पण पंचनामा टाळायची ही युक्ती त्यांनी मनात नोंदवून ठेवली असावी असा मला दाट संशय आहे.

दुसऱ्या रात्री मी ईर्ष्येने शिकारीचा एक गंभीर गेम काढला. ह्यात जनावरांचं वेळापत्रक असतं. पाण्यावर यायची वेळ ठरलेली, चरायची वेगळी, झोपायची वेगळी. वारा आपल्याकडून जनावराकडे वाहत असला की त्याला वास लागतो आणि ते पळतं. आबा खूश झाले. "ह्यो शहाणा मानूस हाय," असं त्यांनी गेम करणाऱ्याबद्दल जाहीर केलं आणि स्टूल ओढून पुढ्यात बसले. आम्ही दोघं तळ्याकाठच्या गवतात लपलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. बायको आत डोकावून म्हणाली, "दिसला का?" आम्ही दोघांनी एकदम "शूऽऽ" केलं. ताडोबाला आम्ही पैसे भरून, पहाटे चारला उठून, जिप्सीत कुडकुडत हेच केलं होतं आणि तिथेही तिने हेच विचारलं होतं.

चाळिसाव्या मिनिटाला सांबरासारखं मोठं जनावर पाण्यावर आलं. मी नेम धरला. आबांनी माझा हात धरला.

"मारू नको. कायदा हाय बाहत्तरचा."

"आबा, हे जर्मनीतलं जंगल आहे."

"असंल. तू तर हितला हाईस ना?"

जनावर पाणी पिऊन सावकाश निघून गेलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा माझ्या कॉम्प्युटरला लागू झाला तो त्या रात्रीपासून.

मग मारामारीच नको म्हणून 'प्लॅनेट झू' लावला. २०१९ चा आहे. ह्यात आपण प्राणिसंग्रहालय चालवायचं. प्राणी म्हातारे होतात, मरतात, फार लोक टक लावून बघायला लागले तर बुजऱ्या प्राण्यांना ताण येतो. आणि एकाच रक्ताचे प्राणी सोबत ठेवले तर त्यांच्यात पिल्लं होत जातात आणि पुढची पिढी खंगते. इथे आबांनी कारभार हातात घेतला. "वळू बदल," ते म्हणाले. "आधीचा देऊन टाक. भावकीत सोयरीक नाय करायची." मी मुकाट्याने सिंह बदलला. सिंह खरा दिवसाचे वीसेक तास लोळत असतो. हा नवा सिंह मात्र आल्याआल्या कामाला लागला. आबांना तो आवडला नाही. "लय हुशारी दाखवतोय. टिकनार नाय."

आबांनी मनापासून दाद दिली ती एकाच गोष्टीला. 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्ये बर्फात गेलं की घोड्याचे, कसं सांगू, अवघड जागेचे अवयव थंडीने आखडतात. खरंच आखडतात, २०१८ साली हा गेम आला तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली होती. मी संकोचत दाखवलं. आबांनी पट्टी किंचित वर करून दुसऱ्या डोळ्यानेही पाहिलं, जे डॉक्टरांनी सक्त मना केलं होतं.

"ह्ये ज्यानं केलं," ते गंभीरपणे म्हणाले, "त्याच्या घरी जनावर हाय."

जायच्या आदल्या रात्री मी त्यांना गेमच्या पोटातली गंमत सांगितली. एवढं मोठं जंगल, पण जनावरं फक्त आपल्या आसपास असतात. आपण पुढे गेलो की मागची पुसली जातात आणि पुढची तयार होतात. आपण नाही तिथे काहीच नाही.

आबा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं झोपले.

"आमच्याकडं उलटं हाय," ते म्हणाले. "आमी बघतो तितं त्यो कधीच नसतो."

मला बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचा अकोले तालुक्यातला अभ्यास आठवला. त्यांनी शेताशिवारात कॅमेरे लावले तर नावापुरतंही जंगल नसलेल्या त्या मुलखात बिबटे निघाले, तरसंही निघाली. आणि तो 'आजोबा' नावाचा बिबट्या. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला, त्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला, तर महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. नकाशावर ठिपका सरकत होता म्हणून कळलं. वाटेतल्या किती लोकांनी त्याला पाहिलं असेल? असा बिबट्या गेममध्ये घातला तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल. म्हणेल, तीन आठवडे खेळलो, उसाशिवाय काही दिसलं नाही.

आबा गेले. खोली रिकामी झाली. मी पुन्हा तो पहिला, भांडकुदळ जनावरांचा गेम लावला आणि लाज वाटून बंद केला. लांडगा आला की तोंडातून आपोआप "कामधंदा नाय का?" निघायला लागलं होतं.

परवा रात्री साडेअकराला त्यांना फोन केला, थेंब घालताय ना विचारायला. पलीकडे कर्कश भजन चालू होतं. मृदंग, टाळ, सगळा कल्लोळ.

"आबा, सप्ता आहे का?"

"कसला सप्ता! रातची लाईट हाय ह्या आठवड्यात. रानात दारं धरतोय."

"मग हे काय वाजतंय एवढं?"

"मोबाईल. खिशात लावलाय. वनखात्यावाले सांगून गेल्यात, येकटं जायचं नाय आन् आवाज करत ऱ्हायचं. येकट्याचं कोन ऐकतंय, पर आवाज करतोय." मग हसले. "तुज्या खेळात ढोल फुकट वाजायचा. हितं आपला आपन वाजवावा लागतो."

"दिसला का मग?"

"दिसतोय कुटला. पर वस्तीवरची कुत्री मघापासनं गप हाइत." भजन आणखी मोठं झालं. "ठेव आता. पानी फुटलं बघ तिकडं."