सिन्स दिसलं की आयएनजी? जरा थांबा

गेला महिनाभर एक पोस्टर आमच्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय. वर लाल अक्षरांत 'टेन्स दोन मिनिटांत', खाली तीन नियम. एक, वाक्यात सिन्स किंवा फॉर दिसलं की 'हॅव बीन' घाला आणि क्रियापदाला आयएनजी लावा. दोन, मराठीत 'केलंय, आलोय, गेलाय' असलं की प्रेझेंट परफेक्ट, म्हणजे 'हॅव डन'सारखं रूप. तीन, साधा परफेक्ट म्हणजे काम संपलं, कंटिन्युअस ('हॅव बीन डूइंग'सारखा) म्हणजे काम अजून चालू. क्लासमधल्या चार पोरांनी ते मलाच पाठवलं, 'सर, लय भारी आहे' म्हणून.

पहिल्या नियमावर विसंबून माझी एक विद्यार्थिनी मुलाखतीत 'आय हॅव बीन नोइंग एक्सेल फॉर टू इयर्स' म्हणाली. समोरचे साहेब हसले, पोरगी रडवेली होऊन परत आली. तिनं नियम तंतोतंत पाळला होता हो! पण 'नो' (माहीत असणं), 'बिलीव्ह' (मानणं), मालकीच्या अर्थाचं 'हॅव' आणि खुद्द 'बी' (असणं) ही करण्याची क्रियापदं नव्हेत, असण्याची आहेत. त्यांना इथं आयएनजी सोसत नाही. शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून कोल्हापुरात आहे, हे इंग्रजीत 'हॅज बीन इन कोल्हापूर सिन्स १९६२' एवढंच. पोस्टरप्रमाणे 'हॅज बीन बीइंग' म्हणून बघा, जीभच अडखळते. कधीकधी तर फॉर असूनही परफेक्ट लागत नाही. पुण्यात तीन वर्षं काढून कायमचा घरी आलेला माणूस 'आय लिव्ह्ड इन पुणे फॉर थ्री इयर्स' म्हणेल. तोच 'हॅव बीन लिव्हिंग' म्हणाला, तर ऐकणारा समजेल की गडी अजून पुण्यातच आहे.

पोस्टरवाल्याला हे सुचलं कशावरून, तेही कळतं. 'मी २०१५ पासून इथं राहतोय' यात आपला 'राहतोय' सरळ वर्तमानकाळ आहे, म्हणून आपण सर्रास 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स २०१५' म्हणून मोकळे होतो. तिथं इंग्रजीला परफेक्ट हवा, हे खरं. पण 'हॅव लिव्ह्ड' आणि 'हॅव बीन लिव्हिंग', दोन्ही चालतात.

दुसरा नियम लवकर निकालात निघतो. 'दादा कालच मुंबईहून आलाय' हे अस्सल मराठी, पण इंग्रजीत यस्टर्डे आला की 'ही केम'. 'हॅज कम यस्टर्डे' चूक. उलट 'मी अजून जेवलो नाही' यात 'आहे'चा पत्ता नाही, तरी 'आय हॅवन्ट ईटन येट'. मराठी मदतीला येते ती दुसरीकडेच. तो पन्हाळ्याला गेलाय, अजून गडावरच आहे, तर 'ही हॅज गॉन टू पन्हाळा'. जाऊन आलाय, तर 'ही हॅज बीन टू पन्हाळा'. 'गेलाय' आणि 'जाऊन आलाय' यात आपण कधी घोळ घालत नाही. हे शिकवायला मात्र खरोखरच दोन मिनिटं पुरतात.

खरी गोम तिसऱ्या नियमात. संध्याकाळी गंगावेशीत एक पैलवान पोरगा धारोष्ण दुधाचा ग्लास घेऊन उभा आहे. मानेला, कोपरांना, कानाच्या पाळीला अजून तांबडी माती. तालीम करून बाहेर पडल्याला अर्धा तास झाला. त्याला बघून इंग्रजी बोलणारा म्हणेल, 'यू हॅव बीन रेसलिंग!' कुस्ती संपली आहे, तरी कंटिन्युअस! कारण त्याचं लक्ष कानामागच्या मातीवर आहे, ती ज्या खटपटीतून आली त्या खटपटीवर आहे. आपणही असा माणूस दिसला की 'काय करून आलास रे?' म्हणतोच की.

आता त्याच पोरानं मैदानात दुपारपर्यंत तीन कुस्त्या मारल्यात असं समजा. 'ही हॅज वन थ्री बाउट्स टुडे.' किती झालं त्याचा आकडा आला की साधा परफेक्ट. 'हॅज बीन विनिंग थ्री बाउट्स' बसत नाही. आणि दिवस कुठं संपलाय? पोरगा चौथीही मारेल. म्हणजे साध्या परफेक्टमध्ये सगळं आटोपलेलं असतं, हेही खरं नाही. 'किती झालं' विचारायचं तर साधा, 'किती वेळ चाललंय' विचारायचं तर बहुतेक वेळा कंटिन्युअस. मी पोरांना एवढंच सांगतो.

काम पुरं झालं की नाही, हा फरक काही वाक्यांत दिसतो, नाही असं नाही. पुस्तक वाचून संपलं तर 'आय हॅव रेड युअर बुक', आणि 'आय हॅव बीन रीडिंग युअर बुक' म्हटलं तर बहुधा काही पानं शिल्लक आहेत. पण तेवढ्यावर नियम उभा करायचा, तर आमच्या घरातला लाडवांचा डबा आडवा येतो. ताटलीत ठेवलेला एकच लाडू गायब असेल, तर 'हू हॅज ईटन माय लाडू?' आणि डबा उघडल्यावर तो अर्ध्यावर आलेला दिसला, तर 'हू हॅज बीन ईटिंग माय लाडूज?' दोन्ही वेळा खाणारा हात धुऊन, तोंड पुसून टीव्हीसमोर बसलेला असतो.