साहेब टाइप करत आहेत

‘मोकळे झालात की भेटा. जरा बोलायचंय.’ साहेबांचा मेसेज एवढाच. कशाबद्दल, ते नाही. या एका ओळीनंतरही माणसानं मन लावून काम करावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी नोकरी केलेली नसावी. समोर एक्सेल उघडी असते, बेरीज जुळत नसते आणि हात आपसूक मोबाईलकडे जातो.

लोकांना वाटतं, आम्ही ऑफिसात मोबाईलवर मजा मारतो. मजा कसली डोंबलाची! कुणीतरी अनोळखी माणूस चिखलानं बरबटलेला गालिचा धूत असतो, तो पार स्वच्छ होईपर्यंत मी बघतो. मग दुसरा गालिचा. अंगठा सरकतच राहतो, कारण त्या स्क्रीनला तळच नाही. ही सोय २००६ मध्ये अेझा रॅस्किन या डिझायनरनं काढली. पुढे त्याला पश्चात्ताप झाला म्हणे. मला अजून तेवढी सवड मिळालेली नाही.

गंमत म्हणजे ज्या साहेबांना टाळायला मी मोबाईलमध्ये शिरतो, त्यांचा मुक्कामही तिथेच! गालिचा ऐन रंगात आलेला असतो आणि वरून पट्टी उतरते, ‘टीम, क्विक अपडेट प्लीज.’ पट्टी अलगद वर ढकलायची. चॅट उघडायचं नाही, निळ्या टिका दिसतील. पण नावाखाली ‘टायपिंग…’ उमटतं, विझतं, पुन्हा उमटतं आणि पोटात गोळा येतो. त्या गोळ्यावर उतारा म्हणून आणखी एक गालिचा.

सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं, की काम अर्धवट टाकून दुसरीकडे वळलं तरी थोडं लक्ष मागेच रेंगाळतं. एक्सेलकडे परतलेला मी म्हणजे तसा अर्धामुर्धाच. तासाभराचं काम संध्याकाळपर्यंत लांबतं, ते लांबलं म्हणून ताण वाढतो आणि ताण वाढला की काय करायचं, हे अंगठ्याला पाठ आहे.

मोबाईल उपडा ठेवूनही भागत नाही. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात (२०१७) मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून आलेल्यांनी टेबलावर उपडा ठेवणाऱ्यांपेक्षा डोक्याची कामं सरस केली. फोन सगळ्यांचेच सायलेंट होते, तरीही! म्हणून मीही मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून आलो. जागेवर येऊन बसलो, तर सिस्टिम लॉगआउट झालेली. पासवर्ड टाकला. ओटीपी मोबाईलवर. उठलो, गेलो, स्क्रीन उघडली, तर ओटीपीच्या वरच एक नवा गालिचा. बाहेर आलो तेव्हा ओटीपी शिळा झाला होता. आता ‘रिसेंड’ दाबून उभा आहे.